शिलेदार की बारगीर?

यादी शनिवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आली. चार नावं, त्याखाली राखीव दोन. माझ्या भाचीचं नाव राखीवांत पहिलं. रविवारी उजाडायच्या आत बहीण गाडी घेऊन दारात उभी. ‘‘दादा, चल. रिसालदारांशी बोलायचंय. एकटी गेले तर भांडण होईल.’’ मी गेलो तरी व्हायचं ते झालंच, फक्त त्याला एक साक्षीदार मिळाला.

पुण्याबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी तो तबेला आहे. आम्ही पोचलो तेव्हा मोतद्दार चंदी देऊन मोकळे झाले होते आणि भाची चांदणीला खरारा करत होती. आमच्याकडे तिनं बघितलं आणि परत घोडीकडे तोंड फिरवलं. रिसालदार लाकडी बाकावर बसून एका रिकिबीचा पट्टा शिवत होते. माणूस सातारा जिल्ह्यातला, उमेद 61 कॅव्हलरीत, जयपूरला काढलेली. निवृत्तीनंतर इथं पोरांना मांड शिकवतात. बहीण बँकेत ऑडिट करते. दोघांच्या स्वभावाबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही.

ज्यांनी इव्हेंटिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच घोडा, एकच स्वार, परीक्षा तीन. पहिली ड्रेसाजची : आखीव रिंगणात ठरलेल्या चाली आणि आकृत्या, शांतपणे. दुसरी क्रॉसकंट्री : माळावरून भरधाव, वाटेत ओंडके, खंदक, पाणी, उतार. तिसरी शो जंपिंग, जिथं टाप लागली की दांडी पडते. यात गुण कमवायचे नसतात, दंड कमी ठेवायचा असतो. ड्रेसाजला 100 टक्क्यांतून जितके कमी पडतील तितका दंड. क्रॉसकंट्रीत घोडा अडला की 20, त्याच अडथळ्यापाशी दुसऱ्यांदा अडला तर आणखी 40, स्वार पडला तर खेळ संपला. ठरलेल्या वेळेच्या वर दर सेकंदाला 0.4. पडलेल्या दांडीला 4. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो पहिला.

‘‘साहेब,’’ बहिणीनं बसायच्या आधीच सुरुवात केली, ‘‘46 मोठे की 50.2?’’

‘‘चहा सांगतो.’’

‘‘चहा नंतर. हिचे ड्रेसाजला 36.4, क्रॉसकंट्रीला अडथळ्यांवर शून्य, 14 सेकंद उशीर म्हणजे 5.6, आणि एक दांडी. बेरीज 46. त्या मुलाचे ड्रेसाजला 30.2, एकदा घोडा अडला त्याचे 20, बाकी शून्य. बेरीज 50.2. तो संघात आणि ही राखीव. माझ्या बँकेत कुणी असा ताळेबंद मांडला असता तर मी सही केली नसती.’’

‘‘ताई, ताळेबंद गेल्या वर्षाचा असतो. संघ पुढच्या महिन्याचा निवडायचा असतो.’’

‘‘म्हणजे आकडे फेकून द्यायचे?’’

‘‘फेकायचे नाहीत. वाचायचे. संघात चौघं उतरतात आणि तिघांची बेरीज धरतात. एक बाद झाला तर संघ तगतो, दोन बाद झाले की गेला. म्हणून निवडणारा पहिल्यांदा बघतो, तिन्ही दिवस उभं राहील कोण. आता तो पोरगा अडला कुठं, बघितलं तुम्ही?’’

‘‘पाण्यापाशी.’’

‘‘अडला का, ते?’’

बहीण गप्प.

‘‘वळण आत घेतलं त्यानं. घोड्याला पाणी दिसलं तेव्हा फक्त दोन स्ट्राइड उरल्या होत्या. चूक घोड्याची नव्हती, स्वाराची होती. पण मग त्यानं काय केलं? चाबूक उचलला नाही. मोठा फेरा घेतला, घोड्याला पाणी नीट बघू दिलं आणि शांतपणे काढला. पुढचे सगळे अडथळे असे काढले की मागं काही झालंच नव्हतं. सोळा वर्षांच्या पोराला हे जमत नाही, ताई. चूक झाली की पोरं एकतर रडतात, नाहीतर घोड्याला मारतात. आकड्यात याचे 20 दिसतात. मला त्यात 20 वजा दिसले नाहीत, उलट थोडी जमाच दिसली.’’

मला हे पटत चाललं होतं. बहिणीनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण पुढचं ती माझ्याकडे बघून बोलली.

‘‘दादा, आंतरराष्ट्रीय महासंघाची वरच्या दर्जाच्या स्पर्धेत उतरण्यासाठी किमान पात्रतेची अट असते. मी ती पाठ केलीय. ड्रेसाजला निदान 55 टक्के. क्रॉसकंट्रीत वेळेवर 75 सेकंदांपर्यंत उशीर चालतो, पण घोडा अडलेला चालत नाही. जंपिंगला 16 पर्यंत. या अटीत हिची फेरी बसते. त्या मुलाची बसत नाही, त्यानं कितीही शांतपणे वळवलेला असो.’’

‘‘ती अट इथं लागू नाही,’’ रिसालदार म्हणाले. ‘‘ही घरची चाचणी.’’

‘‘लागू नाही हेच तर माझं दुखणं आहे! ती अट काही उगीच केलेली नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात दोन महिन्यांत दोन मुली गेल्या, एक 17 वर्षांची आणि एक 19 वर्षांची. दोघींच्याही वेळी घोडा अडथळ्यावर कोलांटला आणि अंगावर आला. तेव्हा ही पहिलीत होती, नुकती पोनीवर बसायला लागली होती. ती बातमी मी यांना दाखवली नाही, कुणालाच दाखवली नाही. तेव्हापासून प्रत्येक क्रॉसकंट्रीला मी घड्याळ लावून उभी असते. मला कुणाच्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाहीये. मला नियम हवाय.’’

रिसालदारांनी सुई खाली ठेवली. ‘‘नियम असावाच. पण तो चाळणी आहे, ताई. खडे काढायला. चाळून झाल्यावर जे उरतं त्यातून दाणा निवडायला हातच लागतो.’’

चहा आला. कुणी घेतला नाही.

इथं वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही त्या सकाळपर्यंत नीट कळली नव्हती. क्रॉसकंट्रीच्या दुसऱ्या दिवशी, जंपिंगच्या आधी, घोड्यांची तपासणी होते. मुलं नीट कपडे करून येतात, घोड्याला लगामानं धरून पंच आणि डॉक्टरांसमोर आधी चालवत, मग दुडक्या चालीनं धावत नेतात. टापांचा ठेका ऐकायचा असतो. एक पाय जरा हलका पडला तरी कळतं. शंका आली तर घोड्याला बाजूला काढतात, डॉक्टर पाय चाचपतात, थोड्या वेळानं पुन्हा धावायला लावतात. मग पास किंवा बाद.

‘‘चांदणी पहिल्या फेरीत पास झाली?’’ रिसालदारांनी विचारलं.

‘‘पास झाली.’’

‘‘पहिल्या फेरीत?’’

‘‘दुसऱ्या. पण पास म्हणजे पास. ‘पास, पण’ असा शेरा कुठल्या नियमात आहे?’’

‘‘नियमात नाही.’’ ते थोडे थांबले. ‘‘निवड समितीनं मला विचारलं, घोडी कशी आहे. मी सांगितलं, मागचा डावा धरते. महिन्याभरात परत तीन दिवस आणि ट्रकचा प्रवास सोसायची नाही. मीच सांगितलं, ताई.’’

मी बहिणीकडे बघितलंच नाही. खराऱ्याचा आवाज थांबला होता.

‘‘तुम्ही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही त्यांना सांगितलंत. आणि आम्हाला?’’

‘‘तुम्हाला आज सांगणार होतो.’’

‘‘यादी लागल्यावर!’’

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतं हे त्यांनी लपवलं नाही. तेवढ्यात भाची घोडीपाशीच उभी राहून म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. क्रॉसकंट्रीनंतर संध्याकाळी तिला चालवत होते तेव्हाच कळलं होतं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते तर काढलं असतं ना तिला.’’

सोळा वर्षांची मुलगी सहा महिने एका यादीकडे डोळे लावून बसते, आणि आपल्या घोडीचा पाय दुखतोय हे ठाऊक असून गप्प राहते. तिला मी दोष देत नाही. यादी अशी लावली जाते की गप्प राहणं पोराला शहाणपणाचं वाटतं.

बहिणीनं चहाचा पेला उचलला, गार झालेला चहा एका दमात संपवला, आणि मुद्दा बदलला. ऑडिटवाल्यांची ही सवय मला ठाऊक आहे. एक खातं बुडालं की दुसरं उघडतात.

‘‘ठीक आहे. चांदणी आखडली. पण चांदणीच का होती हिच्याकडे? रेसमधून निवृत्त झालेली, क्लबच्या मालकीची, दिवसाला तीन मुलं जिच्यावर शिकतात अशी घोडी. आणि त्या मुलाचा घोडा युरोपातून आलेला, त्याच्या एकट्याचा. ड्रेसाजला सहा गुणांचा फरक कुठून आला? हिची मांड कच्ची आहे?’’

‘‘मांड हिची त्याच्याहून पक्की आहे,’’ रिसालदार ताबडतोब म्हणाले. ‘‘रेसच्या घोड्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, पुढं पळ. माळावर तो वाघ असतो. रिंगणात त्याला गोल फिरवा, मान खाली घे म्हणा, तर त्याला कळतच नाही आपण काय गुन्हा केला. त्याला ड्रेसाजला आणायला वर्षं जातात.’’

‘‘म्हणजे तुम्ही मुलं निवडत नाही. घोडे निवडता. आणि घोडे बाप घेतो. शाळेत आपण काय शिकलो, साहेब? शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराला सरकारी पागेतलं. तुमच्या यादीत चारही शिलेदार आहेत. मोजा.’’

त्यांनी खरंच बोटांवर मोजलं. चारही शिलेदार होते.

‘‘तुम्ही आता माझ्या अंगणात आलात,’’ ते हसून म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच हसले. ‘‘मी जन्मभर बारगीर. फौजेनं घोडा दिला, खोगीर दिलं, नालबंद दिला. आमच्या रेजिमेंटचे रघुबीर सिंह 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये ‘शहजादा’वर बसून इव्हेंटिंगचं सुवर्ण घेऊन आले. वैयक्तिक आणि संघाचं, दोन्ही. मी भरती झालो तेव्हा लाइनीत पोरं त्यांचं नाव कानाला हात लावून घ्यायची. घरचा घोडा होता का तो? रेजिमेंटचा. आणि शिवाजी महाराजांचा कल बघा. बारगिरांची पागा मोठी, पंचवीस घोड्यांमागं एक नालबंद, एक पखालजी, वर हवालदार. का? तर स्वतःचं घोडं असलेला माणूस आधी आपलं घोडं वाचवतो.’’

‘‘मग पोरांसाठी पागा कुठंय?’’

‘‘नाही.’’

‘‘बास. हेच ऐकायचं होतं.’’

‘‘पण पागा नाही म्हणून लंगडी घोडी संघात घालायची का?’’

अशा जागी दोघंही बरोबर असतात आणि मधे बसलेल्या माणसाची पंचाईत होते. मी एक तोडगा काढायला गेलो. म्हटलं, चिठ्ठ्या टाका. चाचणीला सगळे घोडे एकत्र करा, ज्याच्या वाट्याला जो येईल त्यावर बसू दे. मग बापाचा पैसा आपोआप बाजूला पडेल.

रिसालदारांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. ‘‘मामा, टोकियो बघितलं होतं ना? मॉडर्न पेंटॅथलॉन? जर्मनीची ती मुलगी पहिल्या नंबरावर होती. घोडा चिठ्ठीवर मिळालेला, वीस मिनिटांची ओळख. सेंट बॉय त्याचं नाव. तो पुढं जाईना, ती रडतीय, बाहेरून तिची कोच ओरडतीय, घोडं घाबरलेलं. पुढं त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. पॅरिस शेवटचं.’’

‘‘पण युवा ऑलिंपिकमध्ये तर घोडे यजमान देशच देतो,’’ बहीण म्हणाली.

‘‘तिथं फक्त जंपिंग असतं. दांडी पडली तर पडली. ओंडका पडत नाही, ताई. अनोळखी घोड्यावर क्रॉसकंट्रीला मी माझ्या दुश्मनाच्या पोराला पाठवणार नाही. इथं जोडी निवडायची असते. ब्रिटनच्या राणीची नात झारा फिलिप्सचं बघा. 2002 ला यंग रायडर गटात युरोपात रौप्य, 2006 ला जगज्जेती, घोडा एकच, टॉयटाउन. पण 2004 ला आणि 2008 ला ऑलिंपिक हुकलं. का? टॉयटाउन जायबंदी. राजवाड्यात घोड्यांना तोटा होता का? पण टॉयटाउनची जागा घेणारा दुसरा नव्हता. ती घरी बसली.’’

‘‘म्हणजे घोडा हेच सर्वस्व.’’

‘‘जोडी सर्वस्व.’’

‘‘आणि जोडी जमायला घोडा हवा. रोज, त्याच मुलाला, दोन-तीन वर्षं. हिला चांदणी आठवड्यातून चार दिवस मिळते, तीही दुसऱ्यांच्या तासांमधून उरलेली. साहेब, तुमचंच म्हणणं मी शेवटपर्यंत नेतेय. जोडी निवडायची असेल तर जोडी जमवायची सोय निवडीच्या आधी करायला नको?’’

या मुद्द्याला रिसालदारांनी मान हलवली. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही.

‘‘फवाद मिर्झाचं तुम्हाला सांगायला नको. टोकियोची जागा त्यानं 2019 च्या गुणांवर मिळवली, वेगळ्या घोड्यांवर. मग जे घोडे न्यायचे त्यांची पात्रता 2021 ला पोलंडमध्ये पूर्ण केली. नाव आधी दजाराचं दिलं. ऐन वेळी नेला सेन्योर मेडिकॉट, ज्याच्यावर त्यानं 2018 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये रौप्य घेतलं होतं, एशियाडच्या घोडेस्वारीतलं आपलं 1982 नंतरचं पहिलं वैयक्तिक पदक. शेवटच्या आठवड्यापर्यंत कुठला घोडा नीट पाय टाकतोय एवढंच बघत होते सगळे. तिथं शेवटी 23 वा आला. ड्रेसाजनंतर नववा होता!’’

‘‘आणि तो घोडा कुणाचा होता?’’

‘‘बंगळूरच्या एम्बसी समूहाचा.’’

‘‘म्हणजे फवादही बारगीरच,’’ बहीण म्हणाली. ‘‘घोडा त्याचा नव्हता, पागा दुसऱ्याची होती, जर्मनीत राहून शिकायची सोय दुसऱ्यानं केली. बघा म्हणजे. आपल्याकडे वर कोण पोचलं? फौजेचे बारगीर, नाहीतर कंपनीचा बारगीर. आणि पोरांच्या संघात मात्र सगळे शिलेदार घेता. कसं जमायचं?’’

मी मनातल्या मनात तिला टाळी दिली. वाद ती हरली होती तिथून तिनं तो एका चालीत परत आणला होता. इम्तियाज अनीस 2000 मध्ये सिडनीला गेला त्यानंतर ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये पुढचा भारतीय दिसायला 21 वर्षं लागली. हांगझोच्या एशियाडमध्ये इव्हेंटिंगच्या संघात अपूर्व दाभाडे आणि आशिष लिमये अशी दोन मराठी नावं वाचून आम्ही घरी केवढे हरखलो होतो. पण त्या नावांपर्यंत पोचायचा रस्ता पोरांना कुणी दाखवत नाही. एकतर बापाकडे घोडा हवा, नाहीतर अठराव्या वर्षी फौज हवी. मधली पाच-सात वर्षं, ज्यात मांड बसते, ती नशिबावर.

‘‘फौजेतही निवड काही धुतल्या तांदळासारखी नसते,’’ रिसालदार म्हणाले. ‘‘गेनाल पेर्सोन माहीत आहे? स्वीडनचा. 1948, लंडन ऑलिंपिक. संघाला ड्रेसाजचं सुवर्ण. हा सार्जंट. आणि तेव्हा नियम काय, तर फौजेतला असेल तर अधिकारीच पाहिजे, सार्जंट-हवालदाराला बंदी. मग त्यांनी काय केलं, खेळापुरता त्याला लेफ्टनंट केला. खेळ संपल्यावर परत सार्जंट. पुढच्या वर्षी बोभाटा झाला आणि पदक काढून घेतलं. गंमत पुढं आहे. नियम बदलला, आणि 1952 ला तोच पेर्सोन सार्जंट म्हणूनच उतरला आणि संघाला परत सुवर्ण. स्वार तोच. फक्त खांद्यावरचा बिल्ला आडवा आला होता.’’

‘‘आणि ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगला बायकांना 1964 पर्यंत घेत नव्हते,’’ बहिणीनं पुस्ती जोडली. ‘‘तेव्हाही निवडणारे म्हणतच असतील, आमची नजर आहे, आम्हाला कळतं.’’

हा टोला बसला. त्यांनी तो घेतला.

‘‘नजर चुकते,’’ ते हळू म्हणाले. ‘‘माझीही चुकलीय. एका पोराला मी म्हटलं होतं, तुझ्याच्यानं होणार नाही. तो पुढं माझ्याहून चांगला स्वार झाला. ते जाऊ दे.’’

‘‘जाऊ दे कसं? म्हणूनच म्हणते, लिहून द्या. नजरेनं निवडा, माझी हरकत नाही. पण जे दिसलं ते कागदावर लिहा. ‘घोडी दुसऱ्या तपासणीत पास, मागचा डावा पाय, पुढच्या महिन्यात विश्रांती हवी.’ एवढं वाक्य यादीत नावापुढं असतं तर मी आज आले नसते. मी तिला काल रात्रीच सांगितलं असतं, पोरी, घोडी आखडलीय, तुझं काही चुकलं नाही. त्याऐवजी ती रात्रभर विचार करत बसली की आपली चूक कुठं झाली.’’

‘‘नावापुढं लिहिलं तर दहा पालक येतील भांडायला.’’

‘‘आत्ता एक आलीय ना? आत्ता काय झालं? तुम्ही बोललात, मला कळलं, मी मान्य केलं. मारलं का तुम्हाला मी?’’

‘‘अजून नाही,’’ मी म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

एव्हाना ऊन रिंगणात आलं होतं. लहान मुलांचा साडेसातचा तास सुरू व्हायचा होता. दोन पोनी खोगीर चढवून उभे होते, एक सात-आठ वर्षांचा मुलगा हेल्मेटचा पट्टा उलटा लावून घेत होता. रिसालदार उठले, त्याचा पट्टा सुलटा केला आणि परत येऊन बसले.

‘‘घाई कशाला करता सगळे?’’ ते म्हणाले. ‘‘टोकियोला अँड्र्यू हॉय 62 वर्षांचा होता. पदक घेऊन गेला, तेही दोन. या खेळात पोराला वेळ असतो.’’

‘‘तो ऑस्ट्रेलियात जन्मला, साहेब. आपल्याकडे बारावी असते. पोनी गट 12 ते 16, ज्युनिअर 14 ते 18, यंग रायडर 16 ते 21. बरोबर त्याच वर्षांत दहावी, बारावी, सीईटी. एका वर्षी राखीव राहिलेलं पोर पुढच्या वर्षी क्लासला जातं. तुम्ही ज्यांना ‘वेळ आहे’ म्हणता त्यांतली किती परत आली, सांगा.’’

ते थोडा वेळ रिंगणाकडे बघत राहिले. ‘‘फार थोडी,’’ म्हणाले.

माझं मत विचारलं तर ही यादी बरोबर होती. चांदणीला संघात घेतलं असतं तर ते मुलीला न्याय आणि घोडीला शिक्षा झाली असती. पण यादी लावायची पद्धत चूक होती, आणि ती चूक किरकोळ नाही. चाचणीच्या आधी आकड्यांची अट जाहीर हवी. नजरेनं केलेला प्रत्येक बदल एका ओळीत लिहिलेला हवा, आणि ती ओळ यादीच्या आधी मुलाच्या हातात पडायला हवी. क्लबांनी दोन-चार बरे घोडे अशा मुलांसाठी राखून ठेवावेत ज्यांच्या घरी घोडा नाही. फौजेकडे आणि मोठ्या तबेल्यांकडे उतारवयाचे पण शहाणे घोडे असतात, ते मागून आणता येतील. 2025 मध्ये मेरठच्या फौजी पशुवैद्यक केंद्रातल्या घोड्यांच्या कक्षाला रोगमुक्त म्हणून जागतिक मान्यता मिळाली, म्हणजे इथून घोडा परदेशी स्पर्धेला पाठवायची वाट आता उघडू लागलीय. ती वाट फक्त शिलेदारांसाठी उघडायची असेल तर फार काही बदलणार नाही.

बहिणीनं गाडीतून कागद आणला आणि बॉनेटवर ठेवून अर्ज लिहिला, निवड समितीच्या नावे. सात ओळी. मला वाटलं होतं त्यात मुलीला संघात घ्या असं असेल. तसं काही नव्हतं. यादीत ‘कारण’ असा एक रकाना वाढवावा, एवढीच मागणी होती. खाली तिची सही. मग तिनं पेन रिसालदारांपुढं धरलं.

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि सही केली, पूर्ण नाव, खाली हुद्दा आणि रेजिमेंट.

भाचीनं चांदणीच्या मागच्या डाव्या पायाला पट्टी बांधली. डॉक्टरांनी तीन आठवडे नुसतं चालवायला सांगितलंय. पोरीला अजून ज्युनिअर गटाचे दोन हंगाम आहेत. घोडी चौदा वर्षांची आहे.